दर पावसाळ्यात भिंतीवर तीच बुरशी: आधी ओलीचा माग, मग साफसफाई, रंगारी सगळ्यात शेवटी

जुलै लागला की बेडरूमच्या त्याच कोपऱ्यात काळे ठिपके आणि कपाट उघडलं की तोच कुबट वास. मग रंगारी येतो, भिंत घासतो, पुट्टी भरतो, वर ‘बुरशीरोधक’ रंगाचे दोन हात देतो. पुढच्या जुलैत ठिपके पुन्हा हजर. सलग दोन वर्षं असं झालं असेल तर रंग बदलून काही होणार नाही. बुरशीचे बीजाणू हवेत बारमाही असतात. खायला त्यांना रंगातला बाइंडर, वॉलपेपरची खळ, कपाटाच्या प्लायची पाठ, इतकंच काय साधी धूळही पुरते. आपल्या हातात तोडण्यासारखी एकच रसद आहे, ती म्हणजे पाणी. म्हणून ‘काय लावू?’ विचारण्याआधी ‘हे पाणी येतंय कुठून?’ ते शोधायचं.

बुरशीच आहे ना?

भिंतीवर पांढरी, कुरकुरीत पूड किंवा कापसासारखे तंतू दिसले तर बहुतेक वेळा तो लोणा असतो, म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार. पाण्याचा थेंब टाका. क्षार विरघळून दिसेनासे होतील, बुरशी ओली होऊन तिथेच चिकटून राहील. लोण्यावर कुठलंही बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात. मात्र लोणा दिसणं ही उपयोगी बातमी आहे: पाणी भिंतीच्या आतून प्रवास करून बाहेर येतंय, हे त्यातून पक्कं कळतं.

काळ्या डागाची परीक्षा ब्लीचने होते. थेंबभर लावा आणि एक-दोन मिनिटं थांबा. डाग फिकट झाला तर बुरशी. तसाच राहिला तर काजळी किंवा धूळ. एसीच्या तोंडाशी आणि स्वयंपाकघराच्या छताला जमणारा काळपटपणा बऱ्याचदा नुसती धूळ आणि तेलकट थर असतो.

2021 पासून ‘काळी बुरशी’ या शब्दाचीच लोकांनी धास्ती घेतली आहे. त्या वेळचा म्युकरमायकोसिस हा वेगळ्याच बुरशीचा आजार. त्यातला काळा रंग मेलेल्या ऊतींचा होता. भिंतीवरचे काळे ठिपके बहुतेक करून क्लॅडोस्पोरियम किंवा अ‍ॅस्परजिलस या नेहमीच्या जातींचे असतात. तेही अंगावर काढावेत असे नाहीत: दमा, अ‍ॅलर्जी, सर्दी-खोकला यांना ते चिथावतात. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, केमोथेरपी चालू असेल, तर त्या माणसाला सफाईच्या वेळी घरातच ठेवू नका. पण रंगावरून विषारीपणा ठरत नाही. नुसती जात ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत नमुना पाठवायचीही गरज नसते, कारण उपाय सगळ्यांना एकच आहे.

कॅलेंडर आणि पेन्सिल

निदानाचं सगळ्यात स्वस्त साधन पेन्सिल. ओलीच्या डागाभोवती रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. डाग कधी वाढतो आणि कधी आटतो यावरून निम्मं निदान होतं.

मे महिन्यात भिंत खडखडीत कोरडी आणि जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवसांत ओली होत असेल, तर पावसाचं पाणी बाहेरून शिरतंय. मुंबई-कोकणात वारा नैऋत्येचा, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती आधी पकडा. मे महिन्यातही डाग ओला असेल आणि भिंतीपलीकडे किंवा वर न्हाणीघर, संडास वा ओटा असेल, तर पाइप नाहीतर लादीखालची गळती. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत एकसारखा पट्टा, वरच्या कडेला लोण्याची रेघ, असं असेल तर जमिनीतली ओल वर चढते आहे. आणि रंग शाबूत, पोपडे नाहीत, गिलावा ठोकल्यावर भरीव वाजतो, ठिपके फडक्याने पुसले जातात, पण कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, छताच्या कोपऱ्यात परत येतात, तर पाणी भिंतीतलं नाही, खोलीतल्या हवेतलं आहे.

शंका राहिली तर प्लॅस्टिकची परीक्षा करा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक घ्या आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद डकवा. पोपडे असतील तर आधी खरवडा, नाहीतर पट्टी धरणार नाही. तसाच दुसरा तुकडा चांगल्या भिंतीवर लावा. एक-दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतून. ओल मोजायचं टोच्याचं मीटर वापरत असाल तर एकट्या आकड्यावर विसंबू नका. लोणा असलेल्या भिंतीत ते फुगवून आकडा दाखवतं. चांगल्या भिंतीच्या आकड्याशी ताडूनच निष्कर्ष काढा.

पावसाचं पाणी

शिरायच्या जागा ठरलेल्या असतात. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, आतल्या बाजूला उतार असलेली खिडकीची पट्टी, छज्जा आणि भिंतीचा सांधा, ड्रेनेज पाइपच्या क्लॅम्पची भोकं, आणि काँक्रीटची तुळई व विटांचं बांधकाम मिळतं तिथली आडवी चीर. ही चीर दर वर्षी उघडते, कारण उन्हात काँक्रीट आणि वीट सारखं प्रसरण पावत नाहीत. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक हा गेल्या काही वर्षांतला नवा गुन्हेगार. ते बाहेरच्या बाजूला उतरतं असायला हवं. कारागीर आतून सरळ ड्रिल घालतो आणि पाणी पाइप धरून थेट पुट्टीत येतं.

नेमकी जागा शोधायला कोरड्या दिवसात नळीने पाणी मारून बघा, पण खालून वर. आधी खिडकीखालची भिंत, मग चौकटीच्या बाजू, मग छज्जाचा सांधा. प्रत्येक जागेवर पंधरा-वीस मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

दुरुस्ती बाहेरूनच. आतून वॉटरप्रूफ लेप दिला तर बाहेरून शिरलेलं पाणी मागून ढकलत राहतं. लेप चांगला असेल तर ओल बाजूला सरकून फूटभर पुढे फुटते, साधा असेल तर वर्षभरात फुगून सुटतो. चीर तशीच लिंपू नका: साधारण बोटभर रुंद इंग्रजी व्हीसारखी खाच करा, ब्रशने धूळ काढा, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरा. चौकटीभोवती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा. सिलिकॉनवर रंग बसत नाही. भेगेत पिंपळ किंवा वड रुजला असेल तर नुसता छाटून भागत नाही. मुळापर्यंत गिलावा उकरून तो काढावा लागतो.

वेळ पावसाळ्याआधीची, म्हणजे फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत. नव्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारायचं आणि तो वाळू द्यायचा, मग बाहेरचा रंग. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दाराशी असतो, हे धरून उलटं मोजा. ऐन पावसात फक्त तात्पुरती मलमपट्टी शक्य असते: ताडपत्री किंवा पत्र्याची झापड. कोकणात पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायची रीत होती, तीही याच हिशोबाने.

वरच्या मजल्यावर छताला डाग असेल तर गच्ची बघा, मात्र डागाच्या बरोबर वर खोदू नका. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि स्लॅब यांच्यामधून पाणी दहा-दहा फूट फिरतं आणि जिथे स्लॅबला चीर असेल तिथे उतरतं. आधी कठड्याच्या पायथ्याशी असलेला गोलसर वाटा (कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यावरची गोलाई) आणि पावसाळी पाइपचं तोंड तपासा. बहुतेक गळत्या या दोन जागांच्या असतात आणि अख्खा कोबा न उखडता दुरुस्त होतात. खात्रीसाठी पाइप बुजवून गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास साठवतात. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो ओझं. स्लॅबचे लोखंडी गज उघडे पडले असतील तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ही परीक्षा करू नका.

खर्च कुणाचा यावरून सोसायटीत भांडणं होतात, म्हणून एवढं ध्यानात असू द्या: महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती, आणि गच्चीतून गळून वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. न्हाणीघर, संडास, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च सदस्याचा. अर्ज लेखी द्या, तारीख लिहिलेल्या पेन्सिल-रेघेचा फोटो जोडा.

मे महिन्यातही ओली भिंत

इथे टाइल फोडायची घाई होते, आणि निम्म्या वेळा चुकीची जागा फुटते. गळती दाबाच्या पाइपची, सांडपाण्याच्या वाटेची की लादीच्या फटींची, हे फोडाफोडीविना कळू शकतं.

न्हाणीघर दोन-तीन दिवस अजिबात वापरू नका, पण पाण्याचा मुख्य कॉक चालू ठेवा. खालच्या घरात ठिबकणं थांबलं नाही तर दोष भिंतीतल्या दाबाच्या पाइपचा. कॉक बंद करून पुन्हा पाहा. थांबलं तर शिक्कामोर्तब. मग प्लंबरकडून हातपंपाने दाबाची परीक्षा करून घ्या. गार आणि गरम लाइन वेगवेगळी तपासा आणि तासभर काटा पडतो का बघा. गरम पाण्याच्या लाइनचे सांधे ताप-गार होऊन आधी सुटतात.

वापर बंद केल्यावर ठिबकणं थांबलं, तर नहाणी ट्रॅप (लादीतलं पाणी वाहून जायचं जाळीचं तोंड) किंवा लादी. ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा घट्ट बसवून लादीवर इंचभर पाणी खायचा रंग घालून 24 तास साठवा. खाली रंगीत थेंब आला तर लादीतल्या फटी किंवा कडेचा सांधा. नाही आला, तर बोळा काढून रंगीत पाणी एकदम सोडा. आता आला तर ट्रॅप किंवा त्याचा पाइपशी असलेला जोड. फक्त भिंत ओलसर असेल, ठिबकत नसेल, तर प्रत्येक टप्प्याला आठवडा द्या. गिलावा स्पंजासारखा असतो, स्रोत बंद झाल्यावरही बरेच दिवस ओल सोडत राहतो.

लादीच्या फटी असतील तर जुनं ग्राउट दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा. जुन्यावरच पांढरं सिमेंट फासलं तर सहा महिन्यांत निघतं.

तळमजल्याची चढती ओल

इथे पहिली नजर बाहेर टाका. अंगणात दर काही वर्षांनी पेव्हर ब्लॉक, त्यावर माती, त्यावर फरशी असं करत जमीन जोत्याच्या वर गेलेली असते आणि भिंतीला टेकून कुंड्यांचा वाफा असतो. भिंतीलगतची जमीन उतरवून पाणी बाहेर जाईल असा ढाळ दिला, तर बरीच ओल तिथेच थांबते. तेवढ्यावर भागलं नाही तर जोत्याच्या वर, विटांच्या सांध्यात चार-पाच इंचांवर भोकं पाडून सिलेनची, म्हणजे पाणी झिडकारणाऱ्या रसायनाची, पेस्ट भरतात. मग डागाच्या फूटभर वरपर्यंतचा जुना गिलावा काढावाच लागतो. त्यात मुरलेले क्षार हवेतली ओल ओढत राहतात.

कोकण-गोव्यातल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नका. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटने वाट बंद झाली की तीच ओल आणखी दोन फूट वर चढते.

हवेतलं पाणी

गळती सापडत नाही म्हणून लोक हैराण होतात, तेव्हा बरेचदा गळती नसतेच. बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर 26 अंशांपेक्षा गार कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बेडरूममध्ये रात्रभर 18-20 वर एसी चालवला की मधली भिंत थंड पडते आणि पलीकडच्या, एसी नसलेल्या खोलीत त्या भिंतीवर ठिपके येतात. बुरशी एका खोलीत आणि कारण दुसऱ्या खोलीत, असा हा मामला. एसी 25-26 वर ठेवा, आणि बंद केल्या केल्या खिडक्या सताड उघडू नका.

पाचशे रुपयांच्या आत मिळणारा आर्द्रतामापक घ्या आणि तो कपाटामागे ठेवा, टेबलावर नको. तिथे आकडा सतत 70 च्या वर असेल तर बुरशी येणारच. लक्ष्य 60 च्या खाली.

बाहेर झड लागलेली असताना ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला अर्धाच खरा. बाहेरची हवा 90 टक्क्यांवर असेल तर खिडकी उघडून आणखी पाणी आत येतं. उघडीप असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा, बाकी वेळी पंखा. ओले कपडे खोलीत वाळत घालणं हे घरातल्या ओलीचं मोठं कारण: मशीनच्या एका फेरीतल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. घालायचेच असतील तर एका खोलीत, दार बंद, पंखा चालू, आणि शक्य असेल तर एसी ड्राय मोडवर किंवा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र. त्या यंत्रावर लिहिलेले लिटर बहुधा 30 अंश आणि 80 टक्क्यांना मोजलेले असतात. खोली कोरडी होत गेली की प्रत्यक्षात साधारण निम्मंच पाणी निघतं. खिडकी उघडी ठेवून ते चालवलं तर बाहेरचा पाऊस वाळवत बसल्यासारखं होईल.

न्हाणीघरातला एक्झॉस्ट आंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं चालू ठेवा. दाराखाली अर्धा इंच फट नसेल तर पंखा नुसता गरगरतो, हवा ओढायला वाटच नसते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. भिंतीत बसवलेलं असेल तर पाठीच्या प्लायला वर आणि खाली जाळीची भोकं पाडा. डांबरगोळ्या, कापूर, कडुलिंबाचा पाला हे किड्यांसाठी. ओलीवर त्यांचा काडीचाही परिणाम नाही. कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात खरंच पाणी ओढतात, पण खाली साठलेलं ते पाणी चामड्यावर वा कपड्यांवर सांडलं तर डाग जात नाही.

साफसफाई

पाणी थांबल्यावरच. तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा पसारा असेल, सांडपाणी मिसळलं असेल किंवा गज दिसत असतील तर घरी हात घालू नका.

1. पंखा आणि एसी बंद. एन-95 मास्क, हातमोजे, चष्मा. खिडकी उघडी, दार बंद.
2. आधी पाणी फवारून डाग ओला करा. कोरडा ब्रश मारला की बीजाणू घरभर उडतात. दर वर्षी नवीन कोपरा काळा होण्याचं हे एक कारण.
3. डिटर्जंटच्या पाण्याने घासा आणि फडकं वारंवार पिळा. रंग शाबूत असेल तर बहुतेक काम इथेच होतं.
4. टाइल, ग्राउट, रंगवलेली कठीण भिंत यांना मग ब्लीच: एक लिटर पाण्यात 60 मिली घरगुती ब्लीच. ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला 10 ग्रॅम, निवळू द्या, वरचं पाणी घ्या, बादली प्लॅस्टिकची. दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा.
5. पोपडे आलेला भाग भक्कम गिलाव्यापर्यंत खरवडा. भुसभुशीत गिलावा तोडून टाका, त्याला धुऊन काही होत नाही.

ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नका. अ‍ॅसिड किंवा व्हिनेगरने क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाने क्लोरामाइन, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो. एकटं व्हिनेगरही कडप्पा, संगमरवर आणि सिमेंटच्या ग्राउटवर नको, ते त्यांना खातं. उघड्या गिलाव्यावर ब्लीचपेक्षा टाकणखार बरा: लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम, ब्रशने लावा आणि धुऊ नका. लहान मुलांचा हात पोहोचत असेल तर मात्र टाळा.

प्लायच्या कपाटाला डिटर्जंटचं पिळलेलं फडकं, मग 70 टक्के अल्कोहोल, गॅसपासून दूर. फुगलेलं एमडीएफ, बुरशी धरलेला जिप्सम बोर्ड, आतून वास येणारी गादी वाचवायच्या भानगडीत पडू नका.

रंग कधी?

गिलावा इंचभर जाड असेल तर वाळायला साधारण महिना धरा. नऊ इंची भिंत आरपार भिजली असेल तर कित्येक महिने. मघाची प्लॅस्टिकची परीक्षा परत करा आणि 48 तासांनी आतून कोरडं निघालं तरच पुट्टी. मग बुरशीरोधक प्रायमर, मग रंग. त्या रंगातलं औषध काही वर्षांत विरतं, त्यामुळे तो पहारेकरी समजा, बांध नव्हे.

अडचण अशी की आपल्याकडे घर रंगवायचा मुहूर्त गणपतीच्या आधीचा, नेमका भिंती सगळ्यात ओल्या असतानाचा. पाहुणे यायचेच असतील तर त्या भिंतीला पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट लावू नका, चुन्याचा हात द्या. चुना खर्चाला किरकोळ, अल्कलीमुळे त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही, आणि त्यातून भिंत वाळत राहते. पक्का रंग फेब्रुवारीत, पेन्सिलची रेघ आहे तिथेच आहे ना हे बघून.